शहरातली रात्र का निवत नाही?

श्रोतेहो, नमस्कार. शहरात आयुष्य काढलेली वडीलधारी माणसे उकाड्याची तक्रार करतात, तेव्हा त्यांचा रोख बहुधा रात्रीवर असतो, आणि दीर्घकाळच्या हवामान-नोंदी पाहिल्या तर ही तक्रार खरी ठरते.

शरीराला जाणवणारी उष्णता केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. आर्द्रता, वारा, अंगावरचे कपडे, आपली हालचाल आणि ऊन, भिंती व रस्ते यांच्याकडून येणारे प्रारण, म्हणजे किरणांवाटे येणारी उष्णता, यांचाही त्यात वाटा असतो. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. दमट, कोंदट हवेत मात्र तो वाळत नाही, नुसता निथळत राहतो. काळा रंग दिलेल्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात तापमापी बसवून ती एकदा भर उन्हात आणि एकदा जवळच्याच झाडाखाली ठेवली, तर हवा दोन्हीकडे जवळपास तितकीच तापलेली असूनही उन्हातला पारा कितीतरी वर चढतो. नेहमीच्या तापमानाच्या बातमीत हा फरक येत नाही.

ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या नोंदी आसपासच्या खेड्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा शहरातली रात्र सरासरी सुमारे २ अंश सेल्सिअसने अधिक उबदार आढळली. त्यानंतर शहरे उंच आणि दाट होत गेली. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते, अरुंद गल्लीतून आकाश थोडेच दिसत असल्याने ती वर निघून जात नाही, इमारती वारा अडवतात आणि वातानुकूलन यंत्रे घरातली उष्णता रस्त्यावर आणून टाकतात. शिवाय हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते; त्यामुळे उकाड्याबरोबर दमटपणाही वाढू शकतो.

म्हणून वार्षिक सरासरीपेक्षा, वर्षातले किती तास शरीरावर ताण येतो हे मोजणे मला अधिक प्रामाणिक वाटते. हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि प्रारण यांचा एकत्रित परिणाम अंशांत सांगणाऱ्या जागतिक औष्णिक हवामान निर्देशांकात (यूटीसीआय) २६ अंशांपुढे मध्यम आणि ३२ अंशांपुढे तीव्र उष्णताताण मानतात. ही तासांची मोजणी रात्रीसाठी वेगळी ठेवावी, कारण झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान किंचित उतरावे लागते. मात्र वेधशाळा गावातून विमानतळावर हलवली असेल, तर जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ आधी घालावाच लागतो; नाहीतर जागेचा बदल हवामानाच्या खाती जमा होतो.