डोंगराच्या पोटातलं तांबं

[दृश्य: बर्फाळ अँडीज, उभ्या उतारावर रंगीत इमारती]

चिलीतल्या रांकाग्वा शहराच्या वर, अँडीजच्या पोटात आहे एल तेनिएंते, जगातली सर्वात मोठी भूमिगत तांब्याची खाण. बोगद्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं काम सुरू झालं, तेव्हा पहिला प्रश्न होता माणसांना ठेवायचं कुठं? मग २,००० मीटरहून उंचावर सेवेल हे गाव वसवलं. उतार इतका उभा, की गाडीरस्ता काढणंच अशक्य. त्याजागी जिने बांधले. ऐन भरात इथं १५,००० माणसं राहत होती. १९४४ मध्ये हिमकडा कोसळला आणि शंभरावर माणसं दगावली.

[दृश्य: जुने बोगदे, हवा खेळवणारे पंखे]

पुढच्याच वर्षी, १९ जून १९४५ ला, खाणीच्या तोंडाशी आग लागली. जीव घेतले ते धुरानं. मजुरांना श्वास घेता यावा म्हणून जी हवा आत खेळवली जात होती, तिच्यासोबतच कार्बन मोनॉक्साइड बोगद्या-बोगद्यांत पोचला. ३५५ जण गेले. आत जाणारी हवा कुठून येते आणि वाटेत काय काय आहे, याचा विचार खाणीच्या नकाशातच व्हायला हवा होता.

[दृश्य: लोडर, जाळी आणि बोल्ट ठोकलेलं छत]

इथं खनिज काढतात ते डोंगराच्याच वजनाच्या जोरावर. धातूच्या खडकाचा तळ पोखरायचा. वरचा खडक आपल्याच भारानं तुटून खाली येतो, तिथून लोडर तो उचलतात. पद्धत स्वस्त पडते. पण काढलेल्या खडकानं पेललेला भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या खडकावर सरकतो. तिथं ताण साचत जातो आणि एखाद्या क्षणी खडक स्फोट व्हावा तसा फुटतो. म्हणून छताला लांब बोल्ट, त्यावर जाळी, वर सिमेंटचा फवारा. आणि खडकातली बारीकसारीक हालचाल टिपणारी कंपनमापकं.

एवढं करूनही ३१ जुलै २०२५ ला ४.२ तीव्रतेचा हादरा बसला आणि अँडेसिटा या नव्या विभागात बोगदे कोसळले. सहा कामगार गेले. ऑगस्टमध्ये धक्का न बसलेल्या भागांत काम पुन्हा सुरू झालं. अँडेसिटा बंदच ठेवावं लागलं.