जेएआयआयबी: पाऊण तास सकाळचा

श्रोतेहो, नमस्कार. बँकेत लागून वर्षभर झालं की शाखेत कुणीतरी विचारतंच, "काय, जेएआयआयबी झाली का?" इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या मुंबईच्या संस्थेची बँक कर्मचाऱ्यांसाठीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. चार पेपर, प्रत्येक पेपरात १०० प्रश्न, एकूण गुण १००, वेळ दोन तास. पासिंग ५०. पुस्तकंही चारच, पण एकेक उशीला घेता येईल एवढं जाड. ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली की पहिल्या पुस्तकाच्या मध्यावर परीक्षा येऊन ठेपते.

म्हणून आधी तास मोजू. मे महिन्यात परीक्षा द्यायची तर जानेवारीच्या अखेरीला बसा. चौदा आठवडे मिळतात. त्यातले मार्चअखेरचे दोन आजच खोडून टाका. क्लोजिंगच्या, म्हणजे वर्षअखेरचे हिशेब मिटवण्याच्या दिवसांत अभ्यास होत नाही. उरले बारा. सोमवार ते शुक्रवार सकाळी पाऊण तास, रविवारी सव्वाचार तास, म्हणजे आठवड्याचे आठ. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी जमलं तर वरकड, हिशेबात धरू नका. एकूण ९६ तास झाले. सकाळीच का? संध्याकाळी कॅश जुळली नाही की रात्रीचा अभ्यास बुडतो, म्हणून.

या ९६ तासांची समान वाटणी करू नका. अकाउंटिंग अँड फायनान्शिअल मॅनेजमेंट, म्हणजे एएफएम, याला ३६ द्या, विशेषतः कॉमर्सचे नसाल तर. प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेसला, म्हणजे पीपीबीला २४, इकॉनॉमीला २०, रिटेल बँकिंगला १६.

एएफएम वाचून येत नाही, हाताने सोडवून येतं. साधं उदाहरण घ्या. पाच लाखांचं कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत दहा वर्षं. दरमहा हप्ता किती? व्याजदर महिन्याचा घ्यायचा, म्हणजे १ टक्का, आणि हप्ते १२०. आता १.०१ चा १२० वा घात साध्या कॅल्क्युलेटरवर कसा काढणार? सायंटिफिक कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. १.०१ टाका, गुणाकाराचं चिन्ह दाबा, मग बरोबरचं चिन्ह अकरा वेळा. हा बारावा घात झाला, १.१२६८. आलेला आकडा तसाच ठेवून पुन्हा गुणाकार दाबा आणि बरोबरचं चिन्ह नऊ वेळा. आला १२० वा, ३.३००४. त्याला त्याच्यातून एक वजा केलेल्या आकड्याने, २.३००४ ने भागा आणि ५,००० ने, म्हणजे पाच लाखांच्या एका महिन्याच्या व्याजाने गुणा. हप्ता ७,१७३ रुपये ५५ पैसे.

चूक कुठे होते, तर मोजण्यात. बारावा घात म्हणून बरोबरचं चिन्ह बारा वेळा दाबलं की तेरावा घात येतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. वार्षिक दर आणि दहा वर्षं धरून हप्ता काढायचा आणि शेवटी बाराने भागायचं. उत्तर येतं ७,३७४. आकडा पटण्यासारखा असतो, आणि असाच आकडा चार पर्यायांत बसवलेला असू शकतो.

बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे ग्राहकाचं कॅशबुक आणि बँकेचं पासबुक जुळवण्यात, तर काउंटरवरचा माणूसच जास्त फसतो. आपल्या लेजरमध्ये ग्राहकाची ठेव क्रेडिटला दिसते, त्याच्या कॅशबुकात तीच शिल्लक डेबिटला असते. गणित कॅशबुकापासून सुरू होत असेल तर खुर्ची बदला, ग्राहकाच्या बाजूला बसा. कॅशबुकात शिल्लक ४०,०००. दिलेला पण वटायला न आलेला चेक ५,०००, तो मिळवा. भरलेला पण जमा न झालेला ३,०००, तो वजा. बँकेचं शुल्क २०० वजा. पासबुकात ४१,८००. ओव्हरड्राफ्ट असेल तर हीच चिन्हं उलटी होतात, हे वेगळं लिहून ठेवा.

पीपीबीत धोका निराळा आहे. "आमच्या शाखेत असंच करतात" म्हणून उत्तर ठोकलं जातं, आणि प्रश्न तर नियमाचा असतो. चेक न वटता परत आला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस ३० दिवसांत, पैसे द्यायला १५ दिवस, मग तक्रारीला एक महिना. हे तीन आकडे शाखेत रोज कुणी उच्चारत नाही, पेपरात मात्र विचारले जातात.

इथेच एक तारीख सांभाळा. मेच्या परीक्षेत आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचे नियम धरतात, वर्षअखेरच्या परीक्षेत ३० जूनपर्यंतचे. खात्याला चार नॉमिनी लावायची सोय १ नोव्हेंबर २०२५ पासून आली. म्हणजे नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला एकच नॉमिनी हे उत्तर, आणि मे २०२६ ला चार. तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला नवा रेपो दर पाठ करत बसू नका.

इकॉनॉमी आणि रिटेल बँकिंग लोकलमध्ये, एसटीत वाचता येतात. 

चारही पेपर एकदम द्यावेत की दोन-दोन? एकदम दिले आणि प्रत्येकात किमान ४५ असून बेरीज २०० झाली तरी पास करतात. पीपीबीत ६० पडले तर एएफएमचे ४६ झाकले जातात. निम्मे पेपर सोडलेत तर ही सवलतही सुटते. आणि एकदा पास झालेला पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. मात्र तीन वर्षं किंवा पाच प्रयत्न, जे आधी संपेल, त्याच्या आत सगळं उरकायचं असतं.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. लांब गणितं खूण करून पुढे जा, शेवटची ३५ मिनिटं त्यांना द्या.

आणि कॅल्क्युलेटर सरावाचाच न्या. काही कंपन्यांच्या कॅल्क्युलेटरवर घात काढायला गुणाकाराचं बटण दोनदा दाबावं लागतं; आदल्या संध्याकाळी नवा आणलात तर हे कळेल थेट परीक्षेच्या हॉलमध्ये.