पद्मिनी वडिलांची, मारुती मुलीची

[वेंगुर्ले तालुका. चिऱ्यांच्या भिंतींची शेड. एक निवृत्त शिक्षक गाडीच्या दाराचा आतला पॅनेल काढत आहेत.]

मोटारीच्या दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात. काचेवरून आत ओघळलेले पावसाचे पाणी बाहेर पडावे, म्हणून कारखान्यातच ती ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की पाणी दारात साचून राहते आणि पत्रा आतून सडू लागतो. बाहेरच्या रंगाला फुगवटा येईपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच हे निवृत्त शिक्षक दर वर्षी मृगाच्या आधी आपल्या प्रीमियर पद्मिनीची चारही दारे खोलतात. आज छिद्रांत तार घालण्याचे काम त्यांच्या मुलीकडे आहे. ती पुण्यात नोकरी करते आणि तिला ही गाडी फारशी आवडत नाही.

[जुनी छायाचित्रे. त्यानंतर स्टिअरिंगलगतचा गिअर, चोकची खुंटी, पुढचे सलग आसन.]

वडिलांची आवड त्यांच्या लहानपणी ठरली. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांपैकी एखाद्याचीच स्वतःची मोटार असे, आणि ती बहुधा फियाट असे. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती गाडी आली, १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि हाताशी असलेले चार गिअर, एवढाच तिचा संसार. नोंदणी करूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात वाडीतल्या मुलांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवून घेतलेला फोटो घरोघरी जपला जाणे स्वाभाविकच होते. वडिलांनी पुढे मुंबईतूनच जुनी पद्मिनी घेतली, ती हीच.

[गाडी ठोकळ्यांवर चढवलेली. रबरी मॅट निघते. स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार जातो.]

खाऱ्या हवेत गाडी गंजते ती केवळ पावसाने नव्हे. पत्र्यावर बसलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे उघडीप असतानाही गंज आपले काम करीतच असतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिचे अंगच तिचा सांगाडा आहे; त्यामुळे तळाचा पत्रा गेला की गाडीचा कणाच खचतो. मेस्त्री आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पत्रा कुठे जिवंत आहे ते पाहतात, सडलेला भाग छिन्नीने कापून काढतात, कागदावर त्या जागेचा आकार उतरवून नवा तुकडा कापतात आणि तो थोड्या थोड्या अंतरावर वेल्डिंगचे टाके देत जोडतात, कारण एका दमात वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा वाकतो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरून भोक झाकणारी गॅरेजे पुष्कळ आहेत. तसे केलेले काम कोकणात एक पावसाळाही टिकत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रायमर बसतो, त्यावर जाड काळे कोटिंग येते आणि मगच मॅट पुन्हा अंथरली जाते. या कामात मुलगी टॉर्च धरते, प्रश्न विचारते आणि दुपारनंतर टाके स्वतः घासून सपाट करते.

[अंगणात पांढरी मारुती ८०० येऊन थांबते.]

ही तिची गाडी. तिच्या पिढीच्या लहानपणी दारात आलेली मोटार मारुती होती. पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती आली आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. कोकणातल्या अरुंद पाणंदींतून सहज वळणारी ही गाडी वडिलांच्या लेखी अजून ‘जुनी’ झालेलीच नाही. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा मात्र ३० वर्षे पुरी झालेले, नीट जपलेले वाहन ऐतिहासिक मानते, आणि मुलीची मारुती त्या वयाची आहे. भारतात २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीसाठी ५० वर्षांची अट घातली. त्या हिशेबाने पद्मिनीचे पहिले नमुने आता पात्र ठरतात, मारुतीच्या पहिल्या नमुन्यांना २०३३ पर्यंत थांबावे लागेल. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आम्हाला ही अट खटकते, कारण उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीत गंज धरतो आणि कार्बोरेटरमधली इंधन सोडणारी बारीक जेट तुंबतात.

[दोन्ही गाड्यांची बॉनेटे उघडी. मुलगी मारुतीच्या दारांखाली तार घालते. वडील टॉर्च धरतात.]

आई-वडिलांना आवडलेले मॉडेलच मुलांनी उचलावे, हा हट्ट आम्हाला अनाठायी वाटतो. या शेडमध्ये पद्मिनीवर शिकलेले काम मारुतीच्या पत्र्यावर उतरताना आम्ही पाहिले आणि तेच टिपले.

[पद्मिनी सुरू होते. सागरेश्वरच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता.]

कुर्ल्याचा तो कारखाना केव्हाच थांबला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली आणि सुटे भाग आता भंगारातून शोधावे लागतात. मुलीच्या पुण्यातल्या सोसायटीत एकाच गाडीपुरती जागा आहे, आणि ती तिने मारुतीला दिली आहे.