ठराव कुणाच्या खिशात?

(कोल्हापुरात दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय 'सत्ता गेल्यावर पक्ष नवा नेता कसा निवडतो'. संयोजकांना वाटलं असेल मी दिल्लीपासून सुरुवात करीन. मी दुधापासून करतो.

गोकुळची, म्हणजे आपल्या जिल्हा दूध संघाची, निवडणूक तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा चांगली कळते. धार काढून डेअरीवर दूध घालणारा लाखो, पण संघाचा संचालक त्याच्या मतावर निवडून येत नाही. गावच्या संस्थेनं ज्याच्या नावाचा ठराव केला, तो एकटा मत देतो. म्हणून आपल्याकडं मतदानाच्या दिवसाला फारसा अर्थ नसतो. खरी निवडणूक ठराव गोळा होतात त्या दिवसांत होऊन जाते. पॅनेलचं नाव काय, प्रमुख कोण, फ्लेक्सवर फोटो कुणाचा, हे सगळं मागाहून. आधी एवढंच विचारायचं, ठराव कुणाच्या खिशात? ठरावधारक फुटू नयेत म्हणून निघणाऱ्या सहलींविषयी आणि काढून घेतलेल्या मोबाइलांविषयी आज बोलत नाही. इथं समोर काही अनुभवी मंडळी बसलेली दिसतात.

पक्ष हरला आणि नवा नेता निवडायला बसला की मी हाच प्रश्न विचारतो. वर्तमानपत्रं उमेदवारांची तुलना करत बसतात, हा तरुण, तो अनुभवी, हिचं भाषण चांगलं. मी ठरावधारक मोजतो. हरलेल्या पक्षाची यादी फार विचित्र असते. ज्या भागात पक्ष साफ झाला, तिथला खासदार घरी बसलेला असतो, त्याला मत नाही. जो सभासद वैतागला, तो पावती न फाडता निघून गेलेला असतो, त्यालाही मत नाही. उरतात कोण? जिथं पक्ष पडलाच नाही तिथली माणसं. आपण का पडलो, याचा निवाडा न पडलेल्यांनी करायचा.

१९७७ घ्या. लोकसभेत काँग्रेसला उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी एकही मिळाली नाही. बिहारच्या ५४ मध्येही शून्य. खुद्द इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. पण त्याच निवडणुकीत आंध्रात ४२ पैकी ४१ जागा आल्या, कर्नाटकात २८ पैकी २६. आपल्या महाराष्ट्रात ४८ पैकी २०, म्हणजे पडझड झाली पण घर उभं राहिलं. आता पुढं बघा. पक्षाचे अध्यक्ष झाले आंध्रचे ब्रह्मानंद रेड्डी. लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले यशवंतराव चव्हाण, याच गावातल्या राजाराम कॉलेजात शिकलेले. दोघंही मोठे, यशवंतरावांच्या योग्यतेविषयी या सभागृहात मी काही सांगावं असं नाही. पण नकाशा समोर ठेवला की कळतं, जिथं पक्ष शिल्लक होता तिथूनच नेतृत्व आलं. नांगर फिरला होता उत्तरेत, आणि निवाडा करत होती दक्षिण.

पुढं जानेवारी १९७८ मध्ये पक्ष फुटला. कार्यकारिणीतले ठराव रेड्डी-चव्हाणांकडं होते, हे इंदिराबाईंना पक्कं माहीत होतं. मग त्या ठरावधारकांच्या नादाला लागल्याच नाहीत. वेगळा पक्ष काढला, गाय-वासराच्या चिन्हाऐवजी हाताचा पंजा घेतला आणि थेट दूध घालणाऱ्याच्या दारात गेल्या. दोन महिन्यांच्या आत आंध्र आणि कर्नाटक विधानसभा जिंकल्या, म्हणजे ज्या आंध्रच्या जोरावर रेड्डी अध्यक्ष होते ते आंध्रच पायाखालून काढून घेतलं. महाराष्ट्रात मात्र त्यांना ६२ आणि मूळ काँग्रेसला ६९. त्या अर्धवट निकालातून वसंतदादांचं सरकार झालं, जुलैत पडलं, आणि त्यानंतरची शरद पवारांच्या बंडाची कथा तुम्हाला पाठ आहे. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली तरी आपण तीच चघळतोय.

आता जरा लांब जाऊ. ब्रिटनचा हुजूर पक्ष या बाबतीत प्रयोगशाळाच आहे. १९६५ पर्यंत त्यांच्यात निवडणूक नव्हतीच. चार ज्येष्ठ मंडळी आपसांत कुजबुजायची आणि नेता 'उगवायचा'. आपल्याला हे ऐकून हसू येतं, पण जपून हसा. १९६४ ला सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी पहिल्यांदा खासदारांनी मतदान करून एडवर्ड हीथना निवडलं. याच हीथनी १९७४ मध्ये एकाच वर्षात दोन निवडणुका घालवल्या. तरी बाजूला होईनात. फेब्रुवारी १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर उभ्या राहिल्या तेव्हा त्या जिंकतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्यांच्या माणसांनी हुशारी केली. बाईंना मतं कमी पडताहेत अशीच हवा ठेवली. 'हीथला जरा दणका बसू दे' म्हणून कुणी-कुणी बाईंना मत दिलं. पेटी उघडली तर थॅचर १३०, हीथ ११९. जत्रेतल्या फडात एखाद्या नवख्याला नुसतं अंगाला माती लावायला म्हणून सोडावं आणि त्यानं मल्लाला चितपट करावं, तसं झालं.

पुढं त्यांनी सुधारणा केली. १९९८ पासून नियम असा झाला की खासदारांनी चाळणी लावून दोघं उरवायचे आणि शेवटची निवड गावोगावच्या सभासदांनी करायची. ऐकायला किती छान. २००१ मध्ये पराभवानंतर ही पद्धत पहिल्यांदा वापरली. खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क ५९, इयन डंकन स्मिथ ५४, मायकेल पोर्टिलो ५३. पोर्टिलो एका मतानं बाहेर! आपल्याकडं जिल्हा बँकेत एका मतानं पडलेला माणूस आयुष्यभर त्या एका मताचं नाव शोधत फिरतो. मग सभासदांनी मतदान केलं. क्लार्क अर्थमंत्री राहिलेले, देशभर ओळखीचे, पण युरोपच्या बाजूचे. सभासदांना ते चालेना. डंकन स्मिथ ६१ टक्क्यांनी जिंकले. गंमत बघा, खासदारांपैकी फक्त एक तृतीयांश त्यांच्या बाजूचे होते. वर्गात दोन तृतीयांश पोरं ज्याला मानत नाहीत त्याला मॉनिटर केलं तर काय होणार? दोन वर्षांनी खासदारांनीच ९० विरुद्ध ७५ मतांनी त्यांना काढलं. एकाही सार्वत्रिक निवडणुकीला सामोरं न जाता ते गेले.

तुम्ही म्हणाल, मग खासदारांवरच सोडावं. तेही खरं नाही. १९८० मध्ये मजूर पक्षाच्या खासदारांनी, फक्त खासदारांनी, डेनिस हीली यांना डावलून मायकेल फूट यांना १३९ विरुद्ध १२९ नं निवडलं आणि १९८३ ला पक्ष २०९ जागांवर आला. म्हणजे यादी लहान केली की शहाणपण वाढतं असंही नाही. त्याच पक्षानं २०१५ मध्ये उलटं टोक गाठलं. तीन पौंड भरा आणि मतदार व्हा! जेरेमी कॉर्बिन यांना उमेदवारीसाठी ३५ खासदारांच्या सह्या हव्या होत्या. मुदत संपायच्या अगदी काठावर त्या जेमतेम जमल्या. सह्या देणाऱ्यांत काही असे होते की त्यांना कॉर्बिन नको होते. 'चर्चेत सगळे विचार यावेत' म्हणून त्यांनी सही दिली. हा माणूस ५९.५ टक्के मतं घेऊन निवडून आला. पुढच्या वर्षी १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूनं फक्त ४०. सभासदांनी त्यांनाच परत निवडलं, तेही जास्त मतांनी. प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की २०१७ ला त्यांनी पक्षाची मतं ४० टक्क्यांवर नेली, सगळ्या पंडितांना तोंडावर पाडलं. २०१९ ला मात्र पक्ष २०२ वर घसरला.

अगदी ताजं उदाहरण २०२४ चं. हुजूर पक्ष ३६५ वरून १२१ खासदारांवर आला. ऋषी सुनक यांनी नवा नेता येईपर्यंत चार महिने खुर्ची सांभाळली. ८ ऑक्टोबरच्या फेरीत जेम्स क्लेव्हर्ली ३९ मतांनी पहिले. दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी: केमी बेडनॉक ४२, रॉबर्ट जेनरिक ४१, क्लेव्हर्ली ३७. काल पहिला आलेला आज तिसरा, आणि घरी! त्यांच्याच काही समर्थकांनी 'आपला गडी तर नक्की आहे, आता समोर सोपा पैलवान कोण येईल ते ठरवू' म्हणून मतं इकडं-तिकडं उसनी दिली, असा सगळ्यांचा होरा होता. करवीर तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, भावा, मत उसनं देऊ नये. ते परत येत नाही. सभासदांनी मग बेडनॉकबाईंना निवडलं. त्या वेळी मतदार सभासद होते १,३१,६८०. दोनच वर्षांपूर्वी होते १,७२,४३७. चाळीस हजारांहून जास्त माणसं यादीतून गळाली. पक्ष का हरला, हे सांगायला सगळ्यात योग्य साक्षीदार तीच होती.

आपल्याकडं वळतो. आपल्याकडं बहुतेक वेळा एका ओळीचा ठराव असतो: 'नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना'. दिल्लीहून निरीक्षक येतात, एकेकाचं कानात ऐकतात, आणि नाव लखोट्यातून निघतं. भाजपनं २००९ च्या पराभवानंतर नितीन गडकरींना अध्यक्ष केलं. तोवर ते लोकसभा किंवा राज्यसभेवर कधी गेले नव्हते. दिल्लीतल्या भांडणाऱ्या मंडळींवर तोडगा म्हणून बाहेरचा माणूस आणला. त्यात मतपेटी नव्हती, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची पसंती होती. एका खिशात सगळे ठराव असले की काम झटपट होतं, हे मान्य करावं लागतं. काँग्रेसमध्ये २०१९ ला राहुल गांधींनी राजीनामा दिला आणि पूर्णवेळ अध्यक्ष मिळायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. मधे २३ नेत्यांनी पूर्णवेळ अध्यक्ष हवा म्हणून पत्र लिहिलं, त्यात आपले कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण होते. शेवटी मतदान झालं: मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७, शशी थरूर १,०७२, आणि ४१६ मतं बाद. आयुष्य निवडणुकीत घालवलेल्या ४१६ माणसांना दोन नावांपुढं एक खूण नीट करता आली नाही, यावर मी नंतर कितीतरी दिवस विचार करत होतो.

शेवटी एक गावातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. गावाचं नाव विचारू नका, माझं सासर तिथलं आहे.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिथल्या दूध संस्थेत वीस वर्षं सत्ता असलेलं पॅनेल पडलं. आठवड्यानं पॅनेलप्रमुख अण्णांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बैठक. एरवी चपला काढायला जागा नसायची, त्या दिवशी एकोणीस जण होते. मी मोजले. प्रत्येकजण बोलला आणि सगळे एकच बोलले, 'आपलं काय चुकलं न्हाई, घात झाला.' ज्या फॅटवर दुधाचा दर ठरतो ती मोजताना मारतात ही तक्रार गावभर होती, सोप्यात ती कुणीच काढली नाही. कारण त्या एकोणीस जणांच्या दुधाला फॅट कायम चांगलीच लागत होती. एकमतानं अण्णांच्या पुतण्याला पुढं केलं. मी नवीन जावई, न राहवून बोललो, 'ज्यांनी विरोधात मत दिलं त्यातल्या चौघांना बोलावून विचारू या का?' अण्णा शांतपणे म्हणाले, 'पावणं, ती आता आपली न्हाईत. त्यास्नी काय इचारायचं?' मला दुसरा चहा आला.

पुढची निवडणूक पुतण्यानं घालवली, पहिल्यापेक्षा जास्त फरकानं. त्याच्या पुढची मात्र जिंकली. झालं असं की सत्तेतल्या पॅनेलमध्ये चेअरमनपदावरून भावाभावांत जुंपली, दोन पॅनेलं झाली आणि मधून हे निघाले. इंदिराबाईही १९८० ला ३५३ जागा घेऊन आल्या, त्यात जनता पक्षाच्या भांडणांचा वाटा केवढा होता ते तुम्ही जाणता. पुतण्या अजून चेअरमन आहे. परवा लग्नात भेटला, तर मला बाजूला घेऊन म्हणाला, 'त्या दिवशी सोप्यात अण्णांनी माणूस बरोबर हेरला हुता, न्हाई का पावणं?'