ढुम्म ढुम्म एवढंच गाणं नसतं

(दृश्य: संध्याकाळ. कोपरखैरणे, सेक्टरचा रस्ता. कॅमेरा चालत चालत गावठाणात शिरतो.)

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली साइडला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, सेक्टरमधले रस्ते एकदम सरळसोट असतात आणि चालता चालता एका ठिकाणी ते अचानक वळायला लागतात, गल्ली अरुंद होते, घरं एकमेकांना चिकटून येतात, कुठल्यातरी ओट्यावर आजी बसलेली असते, की समजायचं गावठाण आलं. बोनकोडे, तळवली, गोठिवली, सगळीकडे हेच. सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, 1970 ला आली, ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांच्या जमिनीवर हे नवी मुंबई शहर उभं राहिलं, म्हणजे गावं आधीची आणि आपल्या बिल्डिंगी नंतरच्या. हे सुरुवातीलाच सांगतेय कारण पुढे जे भांडण आहे ना, त्यात लोक नेमकं हेच विसरतात.

तर लग्नाचा सीझन आला की या गावठाणात हळदी लागतात. आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम, अख्खं गाव जेवायला, मांडव, लाइटिंग, आणि गाणी. आणि रात्री आठ वाजले की पलीकडच्या सेक्टरमधल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज सुरू, परत चालू झालं यांचं, कसली ही गाणी, डोकं उठलं, यांना काही टेस्टच नाही. मी अशाच सोसायटीत वाढलेय, हे मेसेज मी वर्षानुवर्षं वाचतेय, आणि मला ही गाणी मनापासून आवडतात, लहानपणापासून. म्हणून हा व्हिडिओ.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. ज्यांना ही गाणी इरिटेटिंग वाटतात त्यातल्या बहुतेकांनी ती गाणी ऐकलेलीच नाहीत.

(दृश्य: चौथ्या मजल्यावरची बंद खिडकी. आवाज फक्त धप्प धप्प.)

आता हा आवाज ऐका. खिडकी बंद करून घरातून रेकॉर्ड केलाय. ढुम्म ढुम्म ढुम्म ढुम्म, बास. गायकाचा शब्द नाही, बेंजोचा सूर नाही, कोरस नाही. कारण आवाजातल्या बारीक, उंच पट्टीच्या लहरी भिंतीत आणि काचेत अडकतात आणि जाड खर्जाच्या लहरी आरपार येतात. त्यामुळे मांडवात जे गाणं वाजतंय आणि तुमच्या बेडरूममध्ये जे येतंय त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरात बसलेल्या माणसाला चाल ऐकूच येत नाही, त्याला फक्त ठोका येतो, तोही तासन्‌तास, आणि मग तो म्हणतो यात गाणं कुठेय. बरोबर आहे, त्याच्याकडे गाणं पोचलंच नाही. पण मग त्यावरून टेस्ट ठरवू नका ना.

आता तेच गाणं मांडवात उभं राहून.

(दृश्य: मांडव. पूर्ण आवाज. बेंजो पार्टी वाजवतेय.)

हे जे वाद्य दिसतंय ना, ज्याला टाइपरायटरसारखी बटणं आहेत, हा आपला बेंजो. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने बटणं दाबायची. याची हिस्ट्री भारी आहे. मुळात हे जपानी वाद्य, ताइशोगोतो, 1912 साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने बनवलं, आणि बटणांची आयडिया खरंच टाइपरायटरवरूनच घेतलेली. ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, मग त्याला पिकअप लावून इलेक्ट्रिक केलं आणि मुंबई-ठाण्याच्या गल्लीत ते बेंजो म्हणून सेट झालं. आणि पोरं काय वाजवतात त्यावर! बहुतेक जण कुठल्या क्लासला गेलेले नाहीत, काकाकडून, शेजारच्या दादाकडून शिकलेत, दिवसा एमआयडीसीत नाहीतर रिक्षावर, आणि रात्री हे. एक चाल संपताना दुसरी चाल कुठून पकडायची, ऑक्टोपॅडवाल्याने, म्हणजे काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक ठेका वाजवणाऱ्याने, कधी मोकळं सोडायचं आणि ताशा कधी घुसवायचा, हे सगळं नुसत्या नजरेवर चालतं. कोळी ठेक्यातून मध्येच सरळ ठेक्यावर येतात तेव्हा मांडवातले दोनशे लोक एकाच वेळी पाय बदलतात, हे मी कितीही वेळा पाहिलं तरी मला काटा येतो.

आणि ही गाणी कुठून आली तेही बघायला पाहिजे. आगरी लग्नात धवलारीण असते. जुन्या काळी लग्न लावायचं काम याच बायकांचं, त्या धवले गायच्या, हळदीचं वेगळं, मांडवाचं वेगळं, प्रत्येक विधीला स्वतःचं गाणं. म्हणजे ज्या समाजात लग्न गाण्यानेच लागायचं त्या समाजाच्या हळदीत गाणं कमी कसं होणार? वाद्यं बदलली, स्पीकर आले, आगरी बोलीतली नवीन गाणी आली, हळदीचे सिंगर स्टार झाले. संतोष चौधरी, म्हणजे दादूस, 2021 मध्ये बिग बॉस मराठीच्या घरात गेले तेव्हा गावागावात लोक टीव्हीसमोर बसले होते कारण आपल्या हळदीतला माणूस तिथे दिसत होता. माझ्यासाठी ती खूप मोठी गोष्ट होती, आपली बोली तशीच्या तशी, न सुधारता टीव्हीवर.

(दृश्य: लग्नाच्या हॉलमधला संगीतचा कार्यक्रम, मागून शूट केलेला.)

आता टेस्टबद्दल. 2006 मध्ये जत्रा सिनेमा आला, त्यात अजय-अतुल यांचं कोंबडी पळाली होतं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्या आवाजात. प्रचंड वाजलं, गणपतीत, हळदीत, वरातीत, आणि तेव्हाच कित्येक जणांनी नाकं मुरडली, काय ते कोंबडी बिंबडी, हे काय मराठी गाणं झालं का. मग 2012 मध्ये अग्निपथ आला आणि त्याच अजय-अतुल यांनी तीच चाल हिंदीत दिली, श्रेया घोषाल गायल्या, चिकनी चमेली. आणि मग त्याच सोसायट्यांमधल्या संगीतला, त्याच लोकांनी, कोरिओग्राफर लावून त्याच चालीवर डान्स बसवले! चाल तीच, ठेका जवळजवळ तोच. बदललं काय, तर भाषा आणि पोस्टरवरचं स्टार. मी कुणाला टोमणा मारत नाहीये, नाचलात ते छानच झालं, पण मग प्रॉब्लेम गाण्यात नव्हता हे मान्य करा. गाणं कुठल्या दारातून येतंय त्यावर आपण ठरवतो की ते चांगलं की थिल्लर.

आनंद शिंदेंचंच घ्या. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे. चंद्रभागेच्या तीरी कानावर पडलं नाही असं मराठी घर दाखवा मला, आणि गणपतीत तूच सुखकर्ता लागलं नाही असा मांडव दाखवा. सकाळी वडिलांचा आवाज लागतो तेव्हा सगळे हात जोडतात आणि रात्री त्याच मांडवात त्याच स्पीकरवर मुलाचा आवाज लागला की काहींचं डोकं उठतं. ती फेक, तो खणखणीत उघडा आवाज, गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा, तो दोघांचाही आहे, एकाच घरातून, एकाच कव्वालीच्या तालमीतून आलेला. तो आवाज मोठ्या मैदानासाठीच तयार झालाय, त्याला ड्रॉइंग रूमच्या मापाने मोजायचं कशाला?

आणि जे म्हणतात ना की आमच्या काळातली गाणी बघा आणि ही बघा, त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. 1952 ते 1962 या काळात देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर, मराठीच माणूस. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी आकाशवाणीवर जे काम केलं ते मोठं आहे, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. पण सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटायची, लोकांची अभिरुची बिघडवणारी, आणि त्यांच्या काळात ती गाणी ऑल इंडिया रेडिओवरून आधी कमी झाली आणि मग जवळजवळ गायबच झाली. पन्नासच्या दशकातली गाणी बरं का ही! आज ज्यांना आपण सुवर्णकाळ म्हणतो, ज्यांच्यावर गडकरी रंगायतनला नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहात हाऊसफुल्ल कार्यक्रम होतात, ती. मग लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून श्रीलंकेतून लागणारं रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर 1952 ला तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला, सिनेमाच्या गाण्यांचाच कार्यक्रम, सुरू झाली आणि अख्खा देश तिकडे गेला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावं लागलं, आणि सिनेमाची गाणी परत आली. तर काका, तुमची जी गाणी आहेत ना, ज्यांच्यावर तुमचा एवढा जीव आहे, ती पण कुणालातरी असह्यच होत होती, आणि तुम्ही ती सोडली नाहीत म्हणून टिकली. आम्ही आमची का सोडायची?

(दृश्य: प्रॅक्टिस चालू आहे. तीच ओळ परत परत.)

मग एक तक्रार येते, तीच ओळ किती वेळा. यावर खरंच अभ्यास झालाय. अमेरिकेत एलिझाबेथ मार्गुलिस म्हणून संगीताच्या अभ्यासक आहेत, त्यांनी विसाव्या शतकातल्या गंभीर पाश्चात्त्य संगीतकारांचे तुकडे घेतले, बेरिओ, कार्टर वगैरे, ज्यात मुद्दाम काहीच रिपीट होत नाही, आणि कॉम्प्युटरवर त्यात काही भाग उचलून परत परत टाकले. लोकांना ऐकवलं तर त्यांना रिपीट केलेलेच तुकडे जास्त आवडले, जास्त इंटरेस्टिंग वाटले, आणि हे माणसानेच बनवलं असेल असंही त्यांच्याबद्दलच जास्त वाटलं. आपल्याला हे वेगळं सांगायची गरज नाही खरं तर, आरतीचं धृपद बघा, भजनात एक चरण किती वेळा घोळवतात ते बघा. परत येणारी ओळ असते म्हणून ज्याला गाणं माहीत नाही तोसुद्धा दुसऱ्या फेरीला गायला लागतो. पाहुणा असो, नवीन सून असो, तिला बोली येत नसली तरी.

आणि डोक्यातून जातच नाही म्हणून इरिटेटिंग, असं पण म्हणतात. इंग्लंडच्या डरहॅम युनिव्हर्सिटीत केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या टीमने 2016 मध्ये तीनेक हजार लोकांना विचारून हे तपासलं, डोक्यात अडकणाऱ्या गाण्यांची लय जरा जलद असते, चालीचा साधारण आकार ओळखीचा असतो आणि त्यात मध्येच एखादी अनपेक्षित उडी असते. ओळखीचं आणि अनोळखी यांचं हे माप जमवणं सोपं नाही हो. ज्याला जमतं त्याला कारागीर म्हणायला पाहिजे. सैराटच्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि त्याच सिनेमातल्या झिंगाटवर लोक थिएटरमध्ये पडद्यासमोर जाऊन नाचले तर म्हणे हे नुसता धांगडधिंगा. दोन्ही त्याच डोक्यातून आलंय. उलट मला तर वाटतं की अख्खं थिएटर खुर्चीतून उठवणं जास्त अवघड.

आता व्हॉल्यूम. यात मी आडपडदा ठेवणार नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा 2000 सालचा नियम आहे, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ठाण्यातल्याच डॉ. महेश बेडेकरांनी या आवाजासाठी हायकोर्टात इतकी वर्षं जी लढाई लढली तिचा मला आदर आहे. आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, दहावीची परीक्षा आहे, त्यांच्यासाठी आवाज कमी व्हायलाच पाहिजे आणि दहाला बंद झालाच पाहिजे. बेंजोवाले पण हेच म्हणतात, भिंतीएवढे डीजे आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांचंच काम गेलं. पण मग तक्रार आवाजाची करा, त्या तक्रारीत टेस्ट, संस्कार, ही लोकं अशीच, हे घुसवू नका. उद्या कुणी पहाटे पाचला एवढ्याच आवाजात नाट्यगीत लावलं तरी झोप तेवढीच मोडणार आहे.

आणि बाईला घाण बोलणारी काही गाणी आहेत, ती मी डिफेंड करत नाही, ती लागली की हळदीतल्या बायकाच खाली बसतात, त्यांना जास्त कळतं.

(दृश्य: मांडव, रात्री पावणेदहा.)

शेवटच्या पंधरा मिनिटांत काय वाजवायचं हे बेंजो पार्टीचं आधीच ठरलेलं असतं, कारण दहाला बंद करायचंय आणि त्याआधी जे कोपऱ्यात बसलेत त्यांना उठवायचंय. नवऱ्याची आत्या, जेवण वाढणारी पोरं, मंडपवाला, सगळे. हे गाणं आम्ही एकही कट न मारता शूट केलंय, मध्ये मी काही बोलणार नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा, नाहीतर परत अर्धंच ऐकाल. बेंजो डावीकडे आहे, कोरस मागून येतो, आणि दुसऱ्या कडव्यानंतर ताशा घुसतो तिकडे लक्ष ठेवा. हं, चालू करा.