पेशबंद आणि जेरबंद

श्रोतेहो, नमस्कार. मार्गशीर्ष लागला, की खानदेशातील घोडेवाल्यांना सारंगखेड्याच्या दत्तयात्रेचे वेध लागतात. तापीकाठच्या त्या बाजारात घोड्यांबरोबर खोगीर, लगाम, गोंडे आणि घुंगरमाळाही विकल्या जातात. घोडा घेताना त्याचे भोवरे आणि दात तासभर न्याहाळणारा माणूस छातीवरचा पट्टा मात्र केवळ रंग पाहून उचलतो, म्हणून आज त्या पट्ट्यांविषयी बोलणार आहे.

या साधनांना आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे आणि ‘जेर’ म्हणजे खाली. खोगीर मागे सरकू नये म्हणून छातीवर बांधतात तो पेशबंद, आणि घोड्याने मान ठरावीक उंचीपलीकडे उडवू नये म्हणून खालून येतो तो जेरबंद. रायडिंग स्कूलमध्ये त्यांनाच ब्रेस्टप्लेट आणि मार्टिंगेल म्हणतात.

पेशबंदाची खरी गरज चढावर कळते. तोरणमाळचा घाट चढताना स्वाराचे वजन मागे जाते, आणि छातीने अरुंद, अंगाने सडपातळ अशा मारवाडी किंवा काठेवाडी घोड्यावर खोगीर हळूहळू मागे घसरू लागते. मात्र सपाट रस्त्यावरही ते घसरत असेल, तर दोष खोगिराच्या बसण्यात किंवा तंगाच्या, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या, मापात आहे. तो पेशबंदाने झाकला, तर घोड्याची पाठ सोलून निघते.

छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या वर आणि श्वासनळीच्या खाली बसला पाहिजे. तो खाली उतरला तर पाय पुढे टाकताना अडतो, वर चढला तर घोड्याचा श्वास कोंडतो. दुसऱ्या प्रकारात गळ्याभोवतीचा पट्टा छातीवर एकत्र येऊन पुढच्या दोन पायांमधून तंगापर्यंत जातो. यात आयाळ संपते त्या उंचवट्यावर हाताचा पंजा आडवा सरकला पाहिजे आणि छातीवरच्या जोडापाशी मूठ मावली पाहिजे. वरच्या वाद्या खोगिराच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या कड्यांनाच अडकवाव्यात. शोभेच्या कड्या पहिल्याच झटक्याला उपटून येतात. शेवटी घोड्याचा पुढचा पाय उचलून पुढे ओढून पाहावा. पट्टा तेव्हा ताणला, तर तो चालताना काचणारच.

जेरबंदाबाबत अधिक सावधपणे बोलावे लागते. ‘जेरीस आणणे’ हा आपला वाक्प्रचार याच ‘जेर’वरून आला आहे, आणि अनेक स्वार हा पट्टा त्याच अर्थाने वापरतात. एका घोडीचा जेरबंद मी स्वतः तरुणपणी आठवड्यामागून आठवडे आवळत गेलो; अखेर तिच्या दाढांपुढे दडलेला एक बारीक दात तोंडातील लोखंडाला टोचत असल्याचे निघाले. दात काढला आणि मान उडवणे थांबले. दात, पाठ, खोगीर आणि स्वाराचे हात यांची तपासणी आधी व्हावी, जेरबंद त्यानंतर.

जेरबंद दोन प्रकारचा, सरकता आणि बांधीव; दोन्ही तंगापासून पुढच्या पायांमधून वर येतात. सरकत्या जेरबंदाच्या दोन फाट्यांना कड्या असतात व त्यांतून लगामाच्या वाद्या जातात. या कड्या मानेच्या खालच्या बाजूने वर ओढल्या असता गळ्याच्या वळणापर्यंत, म्हणजे जबडा मानेला मिळतो तिथपर्यंत, पोहोचल्या पाहिजेत. घोडा शांत उभा असताना वाद्या हातापासून तोंडापर्यंत सरळ रेषेत दिसाव्यात. कड्यांपाशी त्या खाली वाकल्या, तर जेरबंद आखूड आहे. वाद्यांवर चामड्याचे किंवा रबराचे अडसर बसवायला विसरू नये, कारण कडी पुढे सरकून बकलात अडकली, तर घोडा घाबरून उधळतो.

बांधीव जेरबंद नाकपट्ट्याला जोडतात. तो तोंडातील लोखंडाला कधीही जोडू नये, आणि नाकपुड्यांजवळ येणाऱ्या खालच्या नाकपट्ट्यालाही नाही. त्याचे माप तेच: खालून उचलल्यावर पट्टा गळ्याला टेकावा. मारवाडी घोड्याची मान मुळातच उंच असते, तेव्हा परदेशी छायाचित्रातील मान पाहून त्याचा पट्टा आखूड करणे हा शुद्ध जुलूम आहे. हा जेरबंद लावून मोठी उडी मारू नये, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तो हमखास काढावा. तापीच्या पात्रात पाय घसरला किंवा खोल पाणी लागले, तर घोड्याला तोल सावरण्यासाठी आणि नाक पाण्याबाहेर ठेवण्यासाठी मान मोकळी लागते.

बाजारात घोडा सोबत नसेल, तर घरीच खोगीर कसून, सुतळीने तंगापासून पुढच्या पायांमधून छातीपर्यंत आणि तिथून गळ्याच्या वळणापर्यंत माप घ्यावे, दोन्ही जागी गाठी माराव्यात आणि ती सुतळी खिशात घालूनच यात्रेला निघावे.