सोनपाठी सुतार ओळखताना

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीच्या रानात खोडावर ठकठक ऐकू येते, मान वर करावी तर लाल तुरा आणि सोनेरी पाठ. लगेच वहीत नोंद होते, ‘सोनपाठी सुतार’. पण पश्चिम घाटात हुबेहूब सारखे दिसणारे तीन जातींचे सोनपाठी सुतार पक्षी आहेत, आणि तुरा व पाठ तर तिघांचीही तशीच. तुऱ्यावरून फार तर नरमादी कळेल.

म्हणून दुर्बीण आधी कमरेवर न्या, शेपटीच्या जरा वर. पक्षी झेप घेतो तेव्हा हा भाग स्वच्छ दिसतो. कंबर काळी असेल आणि काळ्या गळ्यावर पांढरे ठिपके असतील, तर तो आपला नेहमीचा, बागांमध्ये आणि माळावरच्या झाडांवरही येणारा सुतार.

कंबर लाल दिसली तर खरी कसोटी. आता चोचीच्या बुडापासून मानेकडे उतरणारी काळी मिशी पाहा. ती एकच, सलग रेघ असेल आणि मानेची मागची बाजू काळी असेल, तर तो तीन बोटांचा सुतार. घाटाच्या दक्षिणेकडच्या दमट रानांत तो भेटतो. मिशी दुभंगून मध्ये पांढरा लांबट ठिपका राहत असेल, मानेमागे पांढरं असेल, डोळा फिकट असेल, तर तो मोठा सोनपाठी. त्याची लांबी साधारण 33 सेंटिमीटर, चोचही चांगली लांब. पायाची बोटं मोजायच्या नादी मात्र लागू नका. खोडाला चिकटलेल्या पायांची बोटं रानात क्वचितच दिसतात.

पाठीवरच मोठा पांढरा पट्टा दिसला, तर तो या तिघांहून वेगळा, चौथ्या जातीचा सुतार, कोरड्या पानझडी रानातला. त्याच्या मादीचा तुरा पिवळा असतो.

फसगत बहुतेक वेळा उजेडामुळे होते. पक्ष्यामागे आकाश असलं की लाल कंबरही काळी भासते. अशा वेळी सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी जागा धरा. चाहूल लागली की सुतार खोडाच्या पलीकडे सरकतो. त्याच्यामागे धावलात तर तो उडालाच. जागच्या जागी थांबा. ताठ शेपटीचा टेकू देत तो टप्प्याटप्प्याने वर चढतो, म्हणून नजर पहिल्या जागेच्या थोडी वर ठेवा. गळा आणि मिशी बहुधा तो डोकं बाहेर काढतो त्याच क्षणी दिसते. तेवढीही दिसली नाही, तर वहीत जात लिहू नका, फक्त ‘लाल कमरेचा सोनपाठी’ लिहा.